मेंदूतील ॲन्युरिझम आणि स्टेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूतील ॲन्युरिझमसाठी स्टेंट (धमनीत बसवायची जाळीदार नळी) बसवण्याचा सल्ला मिळाल्यावर पुण्यातील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आजाराची माहिती सुरुवातीला असली, तरी अधिक जागा गोळ्या, खर्च आणि घरी परतल्यानंतरचे दिवस यांना दिली आहे. प्रक्रियेच्या दोन-तीन तासांत रुग्णाची काळजी घ्यायला डॉक्टर असतात. त्यापुढचे सहा महिने ती बहुतांशी घरच्यांनाच घ्यावी लागते आणि उपचाराचे यश त्या सहा महिन्यांवर बरेच अवलंबून असते.

ॲन्युरिझम म्हणजे नेमके काय? ती गाठ असते का?

नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने तेथे फुगवटा येतो, त्याला ॲन्युरिझम म्हणतात. सायकलच्या झिजलेल्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावू लागते, तसाच हा प्रकार असतो. यात पेशींची वाढ नसल्यामुळे कर्करोगाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही "डोक्यात गाठ निघाली" असा निरोप गावाकडे फोनवरून जातो आणि घरात विनाकारण रडारड होते, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

कवटीच्या तळाशी मेंदूच्या मुख्य धमन्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. या कड्यावर जेथे धमन्यांना फाटे फुटतात, तेथे बहुतेक ॲन्युरिझम आढळतात. प्रौढांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन इतके आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. अर्धशिशीसाठी, चक्कर येते म्हणून किंवा दुचाकीवरून पडल्यावर खबरदारी म्हणून काढलेल्या स्कॅनमध्ये तो योगायोगाने दिसतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांमुळे धोका वाढतो.

तो फुटला तर काय होते?

मेंदूभोवतीच्या पातळ आवरणाखाली रक्त पसरते. रुग्णाला क्षणार्धात अतितीव्र डोकेदुखी सुरू होते आणि "आयुष्यात असे डोके कधी दुखले नव्हते" असे तो स्वतःच सांगतो. त्यासोबत उलटी होणे, मान आखडणे, फिट येणे किंवा शुद्ध हरपणे असे घडू शकते. अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. म्हणून अशी डोकेदुखी झाल्यास घरात असेल ती वेदनाशामक गोळी देऊन वाट पाहत बसू नये आणि सीटी स्कॅन नसलेल्या दवाखान्यांच्या पायऱ्याही झिजवू नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून सीटी स्कॅन आणि मेंदूशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात थेट जावे.

न फुटलेला ॲन्युरिझमही कधीकधी इशारा देतो. एका डोळ्याची पापणी अचानक खाली येणे, एकाची दोन चित्रे दिसणे आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी होणे, ही लक्षणे एकत्र दिसली, तर फुगवटा शेजारच्या मज्जातंतूवर दाबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाची पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन थांबणे धोक्याचे आहे; त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी.

ॲन्युरिझम सापडला म्हणजे उपचार करावाच लागतो का?

नाही, आणि सर्वांत शांत डोक्याने घ्यायचा निर्णय हाच आहे. फुगवट्याचा आकार, त्याची जागा, त्याचा ओबडधोबडपणा, रुग्णाचे वय, रक्तदाब, पूर्वी दुसरा ॲन्युरिझम फुटला होता का आणि कुटुंबातील इतिहास, एवढ्या गोष्टी एकत्र तोलाव्या लागतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पूर्वी कधीही रक्तस्राव न झालेल्या रुग्णांमध्ये, पुढच्या बाजूच्या धमन्यांवरील ७ मिलिमीटरपेक्षा लहान ॲन्युरिझम पाच वर्षांत फुटल्याचे आढळले नाही. ७ ते १२ मिलिमीटरच्या गटात हे प्रमाण २.६ टक्के, १३ ते २४ मिलिमीटरच्या गटात १४.५ टक्के आणि २५ मिलिमीटर व त्याहून मोठ्या गटात ४० टक्के होते. मागच्या बाजूच्या धमन्यांवर हेच आकडे अनुक्रमे २.५, १४.५, १८.४ आणि ५० टक्के असे वाढलेले दिसले.

हे आकडे वाचून लहान ॲन्युरिझम निर्धोक असतो, असे मानू नये. प्रत्यक्षात फुटून आलेल्या रुग्णांमध्ये ५-६ मिलिमीटरचे ॲन्युरिझमही पुष्कळ असतात, कारण मुळात लहान आकाराच्या ॲन्युरिझमची संख्याच मोठी आहे. तरीही सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंच्या ३ मिलिमीटरच्या, गुळगुळीत फुगवट्यासाठी रक्तदाब काबूत ठेवून दरवर्षी एमआरआय करत राहणे, हा उपचार टाळण्याचा बहाणा ठरत नाही. अनेकदा तोच योग्य उपचार असतो. चाळिशीतील, सिगारेट ओढणाऱ्या आणि आईचा ॲन्युरिझम फुटलेला आहे अशा माणसाच्या ६ मिलिमीटरच्या फुगवट्याचा विचार निराळा होतो. न फुटलेल्या ॲन्युरिझमबाबत दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याइतका वेळ जवळजवळ नेहमीच असतो आणि "उद्याच दाखल व्हा" असे कोणी म्हणाले, तर घाईचे कारण विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

क्लिप, कॉइल आणि स्टेंट यांत फरक काय?

कवटी उघडून फुगवट्याच्या मानेवर, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो त्या भागावर, धातूचा चिमटा बसवणे, म्हणजे क्लिपिंग, हा सर्वांत जुना मार्ग आहे. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. त्याच्या दहा वर्षे आधी, १९२७ मध्ये, पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या धमन्यांची पहिली अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत रंगद्रव्य सोडून घेतलेली एक्स-रे तपासणी, केली होती आणि धमनीच्या आतून उपचार करण्याची वाट खरे तर तेथूनच निघाली. १९९० च्या सुमारास गुइडो गुग्लिएल्मी यांनी कॅलिफोर्नियात प्लॅटिनमच्या मऊ तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, फुगवट्यात सोडून सौम्य विद्युतप्रवाहाने ते ढकलणाऱ्या तारेपासून वेगळे करण्याची पद्धत आणली. वेटोळ्यांनी भरलेल्या फुगवट्यात रक्त गोठते आणि त्याचा धमनीशी असलेला संबंध तुटतो.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या, फुटलेल्या ॲन्युरिझमच्या २,१४३ रुग्णांच्या चाचणीत कॉइल पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी सुमारे २४ टक्के, तर क्लिप बसवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के रुग्ण वर्षभरानंतर परावलंबी झालेले किंवा दगावलेले होते. तेव्हापासून दोन्ही पद्धती शक्य असतील तेथे आतून उपचार करण्याकडे कल वाढला. क्लिप मात्र बाद झालेली नाही. मेंदूच्या मधल्या धमनीच्या फाट्यावरील काही ॲन्युरिझमना ती आजही उत्तम मानली जाते आणि तिच्यानंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांचे लचांड मागे लागत नाही.

ज्या फुगवट्याची मान रुंद असते, साधारणपणे ४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, त्यात सोडलेली वेटोळी परत धमनीत घरंगळू शकतात. अशा वेळी मूळ धमनीत जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवून तिच्या आधाराने वेटोळी आत थोपवून धरली जातात. मेंदूसाठीचा असा पहिला स्टेंट अमेरिकेत २००२ साली वापरात आला.

मग "फ्लो डायव्हर्टर" हा वेगळा स्टेंट आहे का?

होय, आणि कोटेशनमध्ये यांपैकी कोणते नाव लिहिले आहे, हे अवश्य पाहावे. साध्या स्टेंटच्या जाळीची छिद्रे मोठी असतात आणि ती धमनीच्या भिंतीचा जेमतेम दहावा भाग झाकते. फ्लो डायव्हर्टर दाट विणीचा असतो. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या फ्लो डायव्हर्टरमध्ये कोबाल्ट-क्रोमियम आणि प्लॅटिनम-टंगस्टनच्या मिळून ४८ बारीक तारा गुंफलेल्या असतात आणि भिंतीचा सुमारे ३० ते ३५ टक्के भाग झाकला जातो. त्यामुळे धमनीतील रक्त सरळ पुढे जाते, फुगवट्यात शिरणारा प्रवाह मंदावतो, आतले रक्त सावकाश गोठते आणि जाळीवर धमनीचे नवे अस्तर चढून मान बंद होते. धमनीच्या बाजूच्या बारीक फांद्यांना रक्ताची ओढ सतत असल्यामुळे त्या सहसा उघड्या राहतात.

यात परिणाम लगेच दिसत नाही, हे घरच्यांना आधीच माहीत असलेले चांगले. मोठ्या आणि रुंद मानेच्या ॲन्युरिझमवर झालेल्या मूळ चाचणीत सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के फुगवटे पूर्ण बंद झाले होते आणि पाच वर्षांनी तपासणी झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे प्रक्रियेनंतरच्या अँजिओग्राफीत फुगवटा अजून भरलेला दिसला, तर काम फसले असे नसते.

हृदयात बसवतात तोच स्टेंट मेंदूत बसवतात का?

नाही. हृदयाच्या स्टेंटचे काम अरुंद झालेली धमनी जोर लावून उघडी ठेवण्याचे असते आणि तो बहुधा फुग्याने फुगवून बसवतात. मेंदूच्या धमन्या नागमोडी आणि नाजूक असतात, म्हणून ॲन्युरिझमसाठीचे स्टेंट अतिशय लवचीक बनवलेले असून नळीतून बाहेर येताच ते आपोआप उमलतात. गोळ्यांची नावे मात्र दोन्हीकडे सारखीच असतात, त्यामुळे "बाबांच्या हृदयाच्या गोळ्या घरात पडल्या आहेत, त्याच चालतील" असे ठरवले जाते. तसे करू नये; मात्रा आणि मुदत वेगळी असू शकते.

फुटलेल्या ॲन्युरिझममध्ये स्टेंट बसवतात का?

शक्यतो टाळतात. स्टेंटसाठी रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या द्याव्या लागतात आणि नुकताच रक्तस्राव झालेल्या, कदाचित डोक्यातून पाणी काढणारी नळी टाकावी लागणाऱ्या रुग्णाला त्या देणे जोखमीचे असते. म्हणून प्रथम नुसती कॉइल, फुग्याच्या आधाराने कॉइल किंवा क्लिप यांचा विचार होतो. काही विशिष्ट आकारांच्या ॲन्युरिझममध्ये दुसरा उपायच नसतो आणि तेव्हा डॉक्टर ही जोखीम समजून उमजून घेतात.

प्रक्रियेच्या दिवशी नेमके काय होते?

रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अशा प्रक्रियांसाठीच्या खास खोलीत, टेबलाच्या भोवती एक्स-रेचे दोन बाहू असतात, एक समोरून आणि एक बाजूने, जेणेकरून डॉक्टरांना धमनी एकाच वेळी दोन दिशांनी पाहता येते. मांडीच्या सांध्यातील किंवा मनगटातील धमनीत छोटी नळी बसवून तिच्यातून लांब कॅथेटर (पोकळ, लवचीक नळी) मानेतील धमनीपर्यंत नेला जातो आणि त्याच्या पोटातून सुमारे एक मिलिमीटर जाडीचा सूक्ष्म कॅथेटर फुगवट्याच्या पलीकडे सरकवला जातो. घडी घातलेला स्टेंट याच नळीतून पुढे ढकलतात. यापुढचे काम अत्यंत सावकाश चालते. डॉक्टर एका हाताने नळी मागे घेतात, दुसऱ्या हाताने स्टेंटची तार पुढे रेटतात आणि पडद्यावर जाळी मिलिमीटर-मिलिमीटरने उमलून धमनीच्या भिंतीला टेकते आहे की नाही, हे पाहत राहतात. वळणावर ती नीट टेकली नाही, तर तेथे गुठळी धरण्याची भीती असते, म्हणून कधी ती अर्धवट उघडलेली जाळी पुन्हा नळीत ओढून नव्याने लावली जाते. फ्लो डायव्हर्टर बसल्यावर शेवटचे चित्र घेतात, तेव्हा फुगवट्यात शिरलेले रंगद्रव्य लगेच धुऊन न जाता आतच रेंगाळताना दिसते.

सर्व मिळून दोन ते तीन तास लागतात. मांडीतून प्रक्रिया झाली असेल तर पुढचे चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. पहिली रात्र बहुधा अतिदक्षता विभागात जाते आणि सारे सुरळीत असल्यास दोन ते चार दिवसांत घरी सोडतात. रंगद्रव्यामुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी आधीच होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू असेल, पूर्वी रंगद्रव्याची ॲलर्जी झाली असेल किंवा निकेलच्या दागिन्यांनी त्वचा उठत असेल, तर दाखल होण्यापूर्वीच सांगावे, कारण अनेक स्टेंट निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात.

धोके कोणते? संमतीपत्रात इतके काही लिहिलेले असते की घाबरायला होते.

संमतीपत्र घाबरवण्यासाठी नसले, तरी ते रात्री अकरा वाजता परिचारिकेने पुढे करावे आणि नातेवाइकाने न वाचता सही करावी, ही पद्धत बरी नव्हे. आदल्या दिवशी डॉक्टरांसमोर बसून ते वाचून घ्यावे. स्टेंटमध्ये किंवा त्याच्या पुढे गुठळी होऊन पक्षाघात होणे, प्रक्रियेदरम्यान ॲन्युरिझम किंवा धमनी फुटणे, बारीक फांदी बंद होणे आणि मांडीत रक्त साकळणे, हे मुख्य धोके आहेत. फ्लो डायव्हर्टरच्या मूळ चाचणीत मोठा पक्षाघात किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू होण्याचे प्रमाण ५.६ टक्के होते आणि त्यातील ॲन्युरिझम मोठे व अवघड होते, हेही लक्षात घ्यावे. फार थोड्या रुग्णांत फ्लो डायव्हर्टर बसवल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ॲन्युरिझम फुटू शकतो. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांपेक्षाही "तुमच्या हातून अशा किती केसेस झाल्या आणि त्यांत गुंतागुंत किती झाली?" हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. अनुभवी डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

गोळ्या किती दिवस घ्यायच्या? मध्येच बंद केल्या तर?

संपूर्ण उपचारात रुग्णाच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. स्टेंट हा रक्ताच्या दृष्टीने परका धातू असल्याने त्याच्यावर अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट पेशी त्याला चिकटून गुठळी करू पाहतात. हे रोखण्यासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या सहसा प्रक्रियेच्या पाच ते सात दिवस आधी सुरू करतात, प्रक्रियेनंतर दोन्ही तीन ते सहा महिने चालू ठेवतात आणि त्यानंतर एकटी ॲस्पिरिन दीर्घकाळ, कित्येकदा आयुष्यभर, चालू राहते. नेमकी मुदत स्टेंटच्या प्रकारावर आणि तपासणीत काय दिसते त्यावर ठरते.

क्लोपिडोग्रेल पोटात गेल्यावर यकृतात तिचे रूपांतर व्हावे लागते, तेव्हाच ती काम करते. हे रूपांतर घडवणारे विकर (एन्झाइम) ज्यांच्यात आनुवंशिकतेने दुबळे असते, अशा लोकांचे प्रमाण दक्षिण आशियात बऱ्यापैकी आहे. म्हणून अनेक ठिकाणी स्टेंट बसवण्याआधी प्लेटलेटची कार्यक्षमता रक्तचाचणीने पाहतात आणि गोळी लागू पडत नसेल, तर टिकाग्रेलॉरसारखी दुसरी गोळी देतात. ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि काहींना सुरुवातीला किंचित धाप लागल्यासारखे वाटते. अशी धाप लागली, तर डॉक्टरांना कळवावे. मनानेच गोळी सोडू नये.

गोळ्या बंद होण्याची कारणे बहुतेक वेळा किरकोळ असतात. औषधांची पट्टी संपते आणि दिवाळीत दुकान बंद असते. पित्त झाले म्हणून कोणीतरी "गरम पडली असेल, दोन दिवस थांबव" असे सांगते. गावाकडचे डॉक्टर हातावरचे निळे डाग पाहून दोन्ही गोळ्या थांबवतात. पहिल्या महिन्यांत असे दोन-चार दिवसही स्टेंट बंद पडून पक्षाघात होण्यास पुरेसे ठरू शकतात. त्यामुळे किमान पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवावा. कराड, बार्शी, श्रीगोंदा अशा गावांहून पुण्याला येणाऱ्यांनी तर महिन्याचा ठेवावा. एखादी गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवण झाली, तर लगेच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. पित्तासाठी ओमेप्राझोल मनाने घेऊ नये, कारण ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते. त्याऐवजी सहसा पॅन्टोप्राझोल देतात. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही टाळावे आणि पॅरासिटामॉलवर भागवावे.

निळे डाग पडणे, दाढी करताना जरा जास्त रक्त येणे आणि पाळीच्या दिवसांत रक्तस्राव वाढणे हे अपेक्षित असते. पाळीचा त्रास स्त्रिया संकोचाने सांगत नाहीत आणि चार महिन्यांनी हिमोग्लोबिन पार खाली गेलेले आढळते. तसे होऊ देण्याची गरज नाही, त्यावर उपाय आहेत. काळी डांबरासारखी शौचास होणे, लघवीतून रक्त जाणे किंवा नाकातून न थांबणारा रक्तस्राव होणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपवास असेल तेव्हा गोळ्यांचे काय?

गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, असे बहुतेक घरांतील वडीलधारी मंडळीही मान्य करतात. एकादशीला थोडे दूध किंवा फळ खाऊन गोळ्या घ्याव्यात. निर्जळी उपवास मात्र या काळात करू नये, कारण शरीरातील पाणी कमी झाले की रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते.

पावसाळ्यात डेंग्यू झाला तर?

पुण्यात जुलै ते ऑक्टोबर या काळात हा प्रश्न अगदी खरा ठरतो. डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि रक्तस्रावाची भीती वाढते, तर दुसरीकडे स्टेंटला गोळ्यांची गरज असते. ताप आलेल्या पहिल्याच दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांना "मेंदूत स्टेंट आहे आणि दोन गोळ्या चालू आहेत" असे सांगावे, रोज प्लेटलेट मोजाव्यात आणि स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांशी त्यांचे बोलणे करून द्यावे. गोळ्या कोणत्या आकड्याला कमी करायच्या किंवा थांबवायच्या, हे त्या दोघांनी मिळून ठरवायचे असते. पपईच्या पानांच्या रसाच्या भरवशावर राहू नये.

दात काढायचा आहे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. काय करावे?

तातडीची नसलेली कोणतीही शस्त्रक्रिया दोन गोळ्यांचा काळ संपेपर्यंत पुढे ढकलावी. एखादा दात काढणे बहुधा गोळ्या न थांबवता, टाके घालून आणि कापूस दाबून धरून निभावते. मोतीबिंदूचेही बहुतेकदा तसेच असते. ज्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला त्यांना विचारल्याशिवाय दंतवैद्य किंवा नेत्रतज्ज्ञ यांच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करू नयेत.

खर्चाचा अंदाज घेताना काय पाहावे?

एकूण बिलात सर्वांत मोठा वाटा सहसा स्टेंटचाच असतो. हृदयाच्या स्टेंटच्या कमाल किमती केंद्र सरकारने २०१७ साली निश्चित केल्या, ते दर मेंदूच्या स्टेंटला लागू होत नाहीत, त्यामुळे "हृदयाचा इतक्यात होतो, मग हा एवढा महाग कसा?" ही तुलना येथे कामाची नाही. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात स्टेंट, कॉइल, कॅथेटर, कॅथलॅब, भूल आणि अतिदक्षता विभाग यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. कॉइल वापरायच्या असतील तर अंदाजे किती, हेही विचारावे, कारण प्रत्येक कॉइलची किंमत स्वतंत्र लागते. उघडलेला परंतु न बसलेला स्टेंट बिलात लागतो का, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. तो आधी विचारावा. बसवलेल्या स्टेंटच्या खोक्यावरील स्टिकर केस पेपरवर लावतात, त्याची प्रत घ्यावी.

मेडिक्लेम असेल तर पूर्वमंजुरीची कागदपत्रे दाखल होण्यापूर्वी द्यावीत. बऱ्याच पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा असते आणि तिच्यापेक्षा महाग खोली घेतली, की इतर खर्चही त्या प्रमाणात कापला जातो, हे अनेकांना बिल हातात पडल्यावर कळते.

सरकारी किंवा धर्मादाय मदत मिळते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेत आहे का आणि नेमका हा स्टेंट मंजूर पॅकेजमध्ये बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. पुण्यातील अनेक मोठी खासगी रुग्णालये या तरतुदीखाली येतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही त्यांच्याकडून समजतो. हे सारे न फुटलेल्या ॲन्युरिझमसाठी निवांतपणे करता येते, म्हणून तारीख ठरवण्याआधी करावे.

दुचाकी, सिंहगड, ढोल-ताशा: नेहमीचे आयुष्य कधी सुरू होते?

गुंतागुंत झाली नसेल, तर आठवडाभरात घरातली हलकी कामे आणि दोन ते चार आठवड्यांत बैठे काम सुरू करता येते. मांडीतील जखम भरेपर्यंत पाण्याची कळशी, गॅसची टाकी किंवा नातवंड उचलू नये. चालणे लवकर सुरू करावे. पर्वती आणि सिंहगड मात्र डॉक्टरांनी पहिल्या तपासणीत होकार दिल्यावरच चढावेत. दुचाकी चालवायला परवानगी मिळाल्यावरही हेल्मेटशिवाय गाडी काढू नये. पुण्यात हेल्मेटबद्दल जी काही मते आहेत ती असोत, दोन गोळ्या चालू असताना डोक्याला बसलेला साधा मारही मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो.

ढोल पथकातील तरुण-तरुणी हा प्रश्न हमखास विचारतात. कमरेला बांधलेल्या ढोलाचे वजन मांडीच्या सांध्यावर येते आणि मिरवणूक तासन्‌तास चालते, त्यामुळे त्या वर्षीचा सराव सोडावा हे उत्तम. पुढच्या गणपतीचे पुढच्या तपासणीनंतर ठरवता येते. वारीला जाणाऱ्यांनीही पहिल्या वर्षी पालखीचे दर्शन पुण्यातच घ्यावे.

एमआरआय, विमानप्रवास आणि सुरक्षा तपासणी यांत अडचण येते का?

सध्या वापरात असलेल्या बहुतेक स्टेंटसह १.५ आणि ३ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) एमआरआय ठरावीक अटींवर करता येते. त्यासाठी स्टेंटचे कार्ड जवळ बाळगावे आणि त्याचा फोटो घरातील दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. विमानतळावरील यंत्र या जाळीने वाजत नाही. विमानप्रवास काही आठवड्यांनी करता येतो.

घरी आल्यावर डोके दुखत राहिले तर?

फ्लो डायव्हर्टरनंतर पहिले काही आठवडे सौम्य डोकेदुखी किंवा डोळ्यामागे ठणका असू शकतो. फुगवट्यातील रक्त गोठताना आजूबाजूला सूज येते, त्याचा हा परिणाम असतो. परंतु अचानक उसळलेली तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा दृष्टी जाणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ निघावे आणि शक्यतो जेथे स्टेंट बसवला त्याच रुग्णालयात जावे.

पुढच्या तपासण्या किती?

बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांनी अँजिओग्राफी होते आणि पुढे वर्षाने किंवा दोन वर्षांनी एमआरआय अथवा अँजिओग्राफी करतात. स्टेंटच्या धातूमुळे एमआरआयवर धमनीचे चित्र अस्पष्ट येऊ शकते, म्हणून पुन्हा अँजिओग्राफी सांगितली, तर ती उगाच सांगितली असे समजू नये. "आता काही त्रास नाही" म्हणून सहा महिन्यांची तपासणी टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दुसरी गोळी थांबवायची की नाही हे त्याच तपासणीवर ठरत असल्यामुळे, ती टाळणारे एक तर गरज नसताना दोन गोळ्या घेत राहतात किंवा घाईने एक सोडून देतात.

तंबाखू आणि मिश्रीचे काय?

सिगारेट आणि बिडी पूर्ण सोडावी. ॲन्युरिझम वाढण्याशी आणि फुटण्याशी धूम्रपानाचा संबंध स्पष्ट आहे. आपल्याकडे अनेक स्त्रिया दात घासण्यासाठी मिश्री लावतात आणि "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर देतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते आणि तिच्यातील निकोटिन रक्तदाब वाढवते. आईला किंवा आजीला हा प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा.

घरातील इतरांनी तपासणी करावी का?

आई-वडील, भावंडे आणि मुले यांपैकी दोघांना किंवा अधिक जणांना ॲन्युरिझम झाला असेल, तर उरलेल्यांनी तपासणीबद्दल तज्ज्ञांशी बोलावे. मूत्रपिंडात अनेक गळवे होण्याचा आनुवंशिक आजार, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी, असलेल्या कुटुंबांनाही हाच सल्ला दिला जातो. त्यासाठी धमन्यांचा एमआरआय पुरतो. त्यात सुई टोचावी लागत नाही आणि क्ष-किरणही नसतात. घरात एकालाच ॲन्युरिझम असेल, तर सरसकट सर्वांचे स्कॅन करण्याची गरज नसते. त्यांनी रक्तदाब तपासून घ्यावा आणि तंबाखूपासून दूर राहावे.